शेपटीला लावलेला दिवा

सुझानची माफी मागायला जाते आहे असं वडिलांना सांगून ज्ञानदा साटम त्या शनिवारी घराबाहेर पडली खरी. पण वसईतल्या माणिकपूरच्या नाक्यावर पाचूबंदरची रिक्षा धरताना तिच्या मनात माफीच्या आधी दुसराच एक प्रश्न होता. सुझानकडे ते फोटो अजून आहेत का?

हा प्रश्न आपल्याला आधी सुचला, याची तिला रिक्षातच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून प्रश्न काही गेला नाही.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची होती. ज्ञानदा तेव्हा मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा विषय होता पेशींचं मरण. आपल्या अंगातल्या पेशी बिघडल्या, कामातून गेल्या की त्यांना मरण्याचा हुकूम सुटतो. तो हुकूम बजावणारी काही प्रथिनं असतात, तशी तो अडवून धरणारीही असतात. मात्र ही प्रथिनं नुसती तयार होऊन भागत नाही. पेशीच्या आत तंतुकणिका असतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या. त्यांच्या बाहेरच्या पातळ पटलात जाऊन ही प्रथिनं रुतून बसली, तर हुकूम एक तर बजावला जातो, नाही तर अडतो. जागा चुकली की सगळंच चुकतं. मरायला हवी ती पेशी जगत राहते, जगायला हवी ती मरते.

मग पेशीच्या एवढ्या दाटीत प्रथिनाला आपलं पटल सापडतं कसं? ज्ञानदाचं प्रथिन मरण अडवणाऱ्यांपैकी होतं. त्याच्या शेवटी एक लहानशी शेपटी होती, पाण्याचा तिटकारा असलेली आणि पटलाच्या तेलकटपणात शिरायला बघणारी. ती शेपटी पटलात रुतते हे जगाला ठाऊक होतं. पण ती तिथवर आपली आपण जाते, की तिला कोणी पोचवतं? ज्ञानदाने दाखवलं होतं, की पोचवणारा असतो. लॅबमध्ये त्या पोचवणाऱ्या प्रथिनाला पी-१९ म्हणत. पेशीतून पी-१९ काढून टाकलं, की ज्ञानदाचं प्रथिन तंतुकणिकांवर न बसता पेशीभर भटकत राही. सूक्ष्मदर्शकाखाली हे लख्ख दिसायचं, कारण तिने प्रथिनाला हिरवा चमकणारा एक तुकडा जोडला होता. लॅबमधली मंडळी त्या तुकड्याला ‘दिवा’ म्हणायची.

तो दिवा तिने शेपटीच्या टोकाला लावला होता. कारण विचाराल तर काही खास नाही. तसा जोडलेला नमुना फ्रीजमध्ये तयार होता.

शोधनिबंध छापण्यासाठी नियतकालिकाकडे गेला आणि तो तपासणाऱ्या परीक्षकांपैकी एकाने नेमकं बोट ठेवलं. दिवा शेपटीऐवजी डोक्याकडे लावून पाहिलात का? हे काम ज्ञानदाने सुझानला दिलं. सुझान लॅबमध्ये नुकती लागलेली प्रकल्प सहायक होती, पाचूबंदरच्या मच्छीमार घरातली, बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली. ज्ञानदाही वसईचीच, म्हणून ती तिला हक्काने ‘ताई’ म्हणायची. सुझानने तीन आठवडे काम केलं, तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा तिला एकच दिसलं. दिवा डोक्याकडे असला, की पी-१९ असो वा नसो, प्रथिन सरळ जाऊन तंतुकणिकांवर बसत होतं. शेपटीला पोचवणारा कोणी लागतच नव्हता. शेपटीमागे लटकवलेल्या दिव्याचं ओझं पटलातून ओढून न्यायचं, तर तेवढ्यापुरती पी-१९ची मदत लागत होती. जे ज्ञानदाला शोध वाटलं होतं, ती तिच्याच हाताने लावलेल्या दिव्याची अडचण होती.

ज्ञानदाने एका शनिवारी कोणाला न सांगता तो प्रयोग स्वतः करून पाहिला. सुझानचं बरोबर होतं.

आणि त्यानंतरच्या सोमवारी लॅबच्या बैठकीत लॅबप्रमुख रेगेसरांनी विचारलं, “सुझानचे निकाल असे उलटे का येताहेत?” टेबलाभोवती ज्ञानदा आणि सर सोडून आठ जण होते. सुझान त्यातली एक. ज्ञानदाचा प्रबंध, निबंध, पुढची नोकरी, सगळं त्या एका उत्तरावर टेकलं होतं. ती म्हणाली, “सर, तिच्या पेशींच्या प्लेट्सवर माझा भरवसा नाही. सकाळी मासळी बाजारातून उठून ती थेट पेशींच्या खोलीत येते. हात कुठे कुठे लागलेले असतात. वासानेच कळतं.”

सगळे हसले. सरसुद्धा. सुझानने टेबलावर ठेवलेले दोन्ही हात हळूच खाली मांडीवर घेतले. तिच्या पेशींना त्या वर्षात एकदाही बुरशी लागली नव्हती. ज्ञानदाच्या पेशींना दोनदा लागली होती.

परीक्षकाला उत्तर गेलं, ‘डोक्याकडे दिवा लावला असता हे प्रथिन पेशीत नीट तयार होत नाही.’ निबंध छापून आला. दोन महिन्यांनी सुझान नोकरी सोडून गेली. ज्ञानदाला पदवी मिळाली, वसईतच एका कॉलेजात प्राध्यापकी मिळाली आणि माणिकपूरच्या एका मंडळाने शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कारही केला.

चार वर्षं असं निभावलं. मग गेल्या महिन्यात हैदराबादहून लतिका नावाच्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. अगदी आदराने लिहिलं होतं. ‘मॅडम, डोक्याकडे दिवा लावलेलं प्रथिन आमच्याकडे उत्तम तयार होतं आणि पी-१९शिवायही तंतुकणिकांवर जातं. आमचंच काही चुकत असेल. तुमच्याकडचे त्या वेळचे फोटो पाहायला मिळतील का?’

ज्ञानदाने उत्तर लिहिलं, की संगणक बदलल्यामुळे ते फोटो आता उपलब्ध नाहीत. पत्र पाठवायला एक मिनिटही लागलं नाही. इतकं सहज खोटं लिहिता आलं, याचंच तिला नंतर भय वाटलं.

चार दिवस तिचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. वडिलांनी, शांतारामांनी, ते पाहिलं. पोस्टात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, उगाच खोदून विचारणारा नव्हे. पण पाचव्या दिवशी तिनेच आपणहून त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. प्रथिन, शेपटी, दिवा, खोटं उत्तर. बाजाराच्या वासाचं तेवढं सांगितलं नाही. शांतारामांना पेशीतलं काही कळलं नसावं. ते बराच वेळ पंचाने चष्मा पुसत राहिले आणि मग म्हणाले, “त्या मुलीचं पुढे काय झालं?”

“माहीत नाही, बाबा.”

“चार वर्षांत कळलं नाही? पाचूबंदर इथून किती लांब आहे?”

तर असा तो शनिवार उजाडला होता.

किल्ल्याच्या बाजूने रिक्षा पाचूबंदरात शिरली. बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते. ज्ञानदाने नकळत नाकाशी ओढणी नेली आणि लगेच चटका बसल्यासारखी खाली घेतली. क्रुसाजवळ जाळं विणत बसलेल्या एका माणसाला तिने घर विचारलं. सुझानची आई जुलियाना पडवीतच होती, पुढ्यात सोललेल्या कोळंबीचं पातेलं. पाहुणी पाहून तिने घाईघाईने हात धुतले.

“कोन पाहिजे बाय?”

“मी ज्ञानदा साटम. सुझान माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करायची.”

जुलियानाचा चेहरा एकदम बदलला. ज्ञानदाला वाटलं, आता ही ओरडेल आणि आपण ऐकून घेऊ. बरं होईल. पण बाई लगबगीने आत गेली, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली, पदराने पुसली आणि म्हणाली, “बस गो बाय, बस. सुझान तुझं नाव लय घ्यायची. ज्ञानदाताई असं शिकवते, ज्ञानदाताई तसं शिकवते. दुपारची येईल ती जेवायला. माणिकपूरला रक्त तपासतात ना, तिथं कामाला हाय. पानी आनू?”

ज्ञानदाने पाणी घेतलं.

जुलियाना मग पायरीवर, तिच्या खुर्चीपेक्षा खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “तू आलीस ते बरं झालं. माज्या मनात किती दिवस होतं. तुमचं काम माज्यापायी बिघडलं ना?”

“म्हणजे?”

“सकाळी टोपल्या उतरायला मानूस मिळत नसे. सुझानला मी हाताशी घ्यायची. ती मग तशीच घाईनं कामाला पळायची. साबन लावायची, पन वास काय जातो? त्या वासानं तुमच्या त्या पेशी का काय त्या खराब झाल्या, आनि तिची नोकरी गेली. तिनं मला सांगितलं नाय कदी. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तवापासून मी तिला मासळीला हात लावू देत नाय. घरचं बोंबीलसुदा मीच साफ करते. पन उशीर झाला. तू साहेबाला सांग बाय, पोरीची चूक नव्हती. माजी होती.”

असं म्हणून त्या साठीच्या बाईने ज्ञानदापुढे हात जोडले.

ज्ञानदाने आयुष्यात बरंच ऐकून घेतलं होतं. परीक्षकांची बोलणी, सरांचा तिरकसपणा. पण त्या जोडलेल्या हातांपुढे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कातडी सालपटलेले, मिठाने पांढरे पडलेले हात. ती खुर्चीवरून उठली आणि कुठे बसावं ते न कळून जुलियानाच्या शेजारी पायरीवर बसली.

“असं नका करू,” ती म्हणाली. “कुठल्याही वासाने काही खराब झालं नव्हतं. सुझानचं काम बरोबर होतं. माझं चुकलं होतं. ते लपवायला मी खोटं बोलले. तो वासाचा शब्दही माझाच. सगळ्यांसमोर मी बोलले.”

जुलियाना तिच्याकडे पाहत राहिली. तिला नीट समजलं की नाही हे ज्ञानदाला कळेना, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. तितक्यात पडवीच्या कोपऱ्यावरून आवाज आला, “आई, आत जा.”

सुझान उभी होती. खांद्याला पिशवी, पॅथॉलॉजी लॅबचा निळा कोट हातावर. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. बहुधा पुरेसं. जुलियाना कोळंबीचं पातेलं उचलून आत गेली. जाताना तिने ज्ञानदाकडे पाहिलं नाही. मघाशी पदराने पुसलेली खुर्ची मधेच रिकामी राहिली.

“बोला मॅडम,” सुझान म्हणाली.

‘ताई’ गेली होती, ‘तू’ही गेलं होतं. ज्ञानदाने हैदराबादच्या पत्राबद्दल सांगितलं, आपल्या उत्तराबद्दल सांगितलं. सुझान उभ्यानेच ऐकत होती.

“म्हणजे तुम्ही स्वतः पण करून बघितलं होतं?”

“एकदा. शनिवारी.”

“आणि माझ्यासारखंच आलं?”

“हो.”

सुझानने मान फिरवली. “मी वर्षभर विचार करत होते की माझं काय चुकलं. मोजताना चुकलं? फोकस चुकला? रक्ताच्या काचा बघताना अजून मी प्रत्येक काच दोनदा बघते. इथले सर हसतात, म्हणतात सुझान, तुझा स्वतःवर विश्वास नाही.” मग तिने सरळ ज्ञानदाच्या डोळ्यांत पाहिलं. “खरं सांगा. तुम्ही हे सांगायला आलात, की माझ्याकडे फोटो आहेत का ते बघायला?”

ज्ञानदाला खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“दोन्हीसाठी,” ती म्हणाली. “आधी दुसऱ्यासाठी.”

“नाहीत माझ्याकडे. मी एक कागदसुद्धा घरी आणला नाही. लॅबचं होतं ते, माझं कुठे होतं?” सुझान जराशी हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. “म्हणजे तुम्ही सुटलात. लॅबच्या संगणकात आता कोण बघणार? कोणाला काही कळणार नाही.”

एक क्षण, फक्त एक क्षण, ज्ञानदाच्या छातीवरचं ओझं खरोखरच उतरलं. आपल्याला हायसं वाटलं हे तिला जाणवलं. सुझान समोरच होती, तिलाही ते चेहऱ्यावर दिसलं असणार. आयुष्यात ज्ञानदाला स्वतःची सर्वांत जास्त घाण वाटली ती त्या क्षणी.

“मी लतिकाला खरं लिहिणार आहे,” ती म्हणाली. “निबंध मागे घ्यायला लावते. तुझं नाव...”

“ते तुमचं तुम्ही बघा. मला त्याच्याशी काही नाही.” सुझान पायरी चढली. दारातून वळून म्हणाली, “ते जे बोललात ना, ते निबंधात छापलं नव्हतं. टेबलाशी बोलला होतात. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर परत घ्या. मी येणार नाही ऐकायला. पण घ्या.”

ज्ञानदाने त्याच दिवशी लतिकाला पत्र लिहिलं. आधी इंग्रजीत लिहून पाहिलं, तर ‘अनवधानाने’, ‘काही मर्यादांमुळे’ अशा अर्थाचे शब्द आपोआप येऊ लागले. ते खोडून तिने आधी मराठीत, वडिलांना समजेल असं लिहिलं आणि मग त्यावरून इंग्रजी केलं. ‘दिवा डोक्याकडे लावलेलं प्रथिन आमच्याकडेही नीट तयार झालं होतं. ते पी-१९शिवाय तंतुकणिकांवर जात होतं. सुझानने ते तीनदा दाखवलं, मी एकदा. मला माहीत असून मी उलट लिहिलं. फोटो लॅबच्या संगणकावर असतील, मी शोधून पाठवते.’ शांतारामांनी तो मराठी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

रेगेसरांना भेटायला ती गेली तेव्हा सर आधी ऐकतच नव्हते. “अगं, शास्त्र असंच पुढे जातं. त्यांनी नवं काही दाखवलं, तर आपला निबंध आपोआप मागे पडतो. जखम उकरायची कशाला?”

“सर, मी खोटं लिहिलंय. मागे पडला तरी खोटं ते खोटंच.”

“मग ‘तांत्रिक त्रुटी’ म्हण. सगळे तसंच म्हणतात.”

“त्रुटी नव्हती, सर.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचंही नाव निबंधावर होतं, वरच्या पदासाठी त्यांची निवड त्या वर्षी व्हायची होती, हे ज्ञानदाला माहीत होतं. तिने त्यांनाही गोत्यात आणलं होतं. तीही एक लाज होती, पण निदान ती तोंडावर बोलून टाकलेली. सरांनी अखेर निबंध मागे घेण्याच्या पत्रावर सही केली. त्यानंतर ते तिच्याशी या कामापलीकडे बोलले नाहीत.

फोटो सापडले. ‘सुझान’ नावाच्या फोल्डरमध्ये, तारखांसकट, एकाखाली एक. प्रत्येक चित्रात हिरव्या दिव्यांनी तंतुकणिकांचे धागे उजळलेले. प्रत्येक पेशीची मोजणी सोबतच्या तक्त्यात होती. ज्ञानदाने ते तक्ते पहिल्यांदाच उघडले. चार वर्षांपूर्वी तिने ते पाहिलेही नव्हते. सुझानने एकेका काचेची मोजणी दोनदा केली होती, अगदी तेव्हापासूनच. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत क्वचितच एक-दोन पेशींचा फरक.

दोन महिन्यांत निबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली. कॉलेजने खुलासा मागितला, चौकशी समिती बसवली आणि तिची बढती थांबवली. स्टाफरूममध्ये ती आली की बोलणं थोडं कमी होई. सत्कार करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी रस्त्यात ओळख दाखवणं बंद केलं. हे सगळं सोसता आलं. खरं तर सोसायला सोपंच गेलं. आपण काहीतरी मोठं करतो आहोत, असं मधूनच वाटूही लागलं होतं. लतिकाने सुझानला स्वतः फोन केला, फोटो वापरायची परवानगी मागितली आणि आपल्या नव्या निबंधात तिचं नाव घालायचं ठरवलं. सुझानने आधी सगळे फोटो मागवून घेतले, पुन्हा मोजले आणि मगच होकार दिला. हे ज्ञानदाला लतिकाकडून कळलं.

पण टेबलाशी बोललेलं परत घ्यायचं राहिलं होतं. ज्ञानदा ते ढकलत होती. खोटं लिहिल्याची कबुली द्यायला तिला शब्द मिळाले होते, त्याला नियतकालिकाचा एक ठरलेला मसुदाही होता. या दुसऱ्या गोष्टीला मसुदा नव्हता. आणि ती गोष्ट नुसती चूक नव्हती, ती ज्ञानदा होती. कुठून आला होता तो शब्द? कोणी शिकवला नव्हता. गरज पडली तेव्हा तो जिभेवर तयार होता, फ्रीजमधल्या त्या नमुन्यासारखा.

एका दुपारी वसईच्या बाजारात तिला जुलियाना दिसली. पुढ्यात पापलेट आणि कोळंबी मांडलेली, गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली. ज्ञानदा मागच्या मागे वळली आणि दुसऱ्या गल्लीने घरी आली. घरी आल्यावर तिने पहिल्यांदाच वडिलांना तो राहिलेला शब्द सांगितला. शांताराम मग म्हणाले, “हे त्या दिवशी सांगितलं नव्हतंस.”

“नाही.”

“मग अजून काय राहिलंय ते करून टाक,” ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. रात्रीपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत. कॉलेजच्या चौकशीपेक्षा तिला ते जड गेलं.

तिने नावं लिहून काढली. सुझान सोडून सात जण. तिघं अजून लॅबमध्येच होते, दोघी परदेशात, एक पुण्याला. सातवा रेमंड, वसईचाच, केळी-भाजीच्या वाडीवाल्याचा मुलगा, आता एका औषध कंपनीत. तिने सगळ्यांना एका रविवारी सकाळी व्हिडिओवर बोलावलं, रेगेसरांनाही. कारण लिहिलं, ‘सुझानबद्दल मी जे बोलले होते, त्याबद्दल.’

सहा जण आले. पुण्याचा आला नाही. सर आले, पण त्यांनी कॅमेरा बंद ठेवला होता.

ज्ञानदाने कागद हातात घेतला नव्हता. ती म्हणाली, “त्या बैठकीत मी सुझानच्या हातांना मासळीचा वास येतो म्हणाले होते. तिच्या प्लेट्स कधीच खराब झाल्या नव्हत्या. माझ्या झाल्या होत्या. तिचं काम खोडायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिच्या घरावर गेले. आणि तिच्या आईला चार वर्षं वाटत होतं, की आपल्या टोपलीमुळे मुलीची नोकरी गेली. तिने माझ्यापुढे हात जोडले. हे मला तुम्हाला सांगायचं होतं.”

परदेशातली एकजण खाली बघून काहीतरी टाइप करत होती. लॅबमधला एकजण घसा साफ करून म्हणाला, “अगं पण, ते सगळं गमतीत होतं ना? आपण सगळेच तेव्हा एकमेकांना काहीबाही बोलायचो. इतकं मनाला लावून...”

“गंमत नव्हती,” ज्ञानदा म्हणाली. “तिला लागावं आणि तिने गप्प बसावं, म्हणूनच बोलले होते. तसंच झालं.”

“मी हसलो होतो,” रेमंड एकदम म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. माझी आजी अर्नाळ्याची. आयुष्यभर डोक्यावरून मासळी विकली तिने. त्या दिवशी मी हसलो नसतो, तर तुम्हाला कळलं असतं ना, म्हणून हसलो.” एवढं बोलून त्याने कॅमेरा बंद केला.

बैठक तिथेच संपली. धन्यवाद म्हणण्यासारखं काही नव्हतं. सर सगळ्यांत शेवटी गेले. जाण्याआधी त्यांचा आवाज आला, “मीही तिथे होतो, ज्ञानदा. मी थांबवायला हवं होतं.” मग तेही गेले.

ज्ञानदाने सुझानला एवढाच निरोप पाठवला, ‘त्यांच्यासमोर बोलले. सात जणांपैकी सहा आणि सर.’ पुढे ‘माफ कर’ असं लिहिलं होतं, ते तिने पुसलं. मागितली तर द्यावी लागेल, आणि सुझानवर तेवढंही ओझं आता नको होतं.

उत्तर तीन दिवसांनी आलं, कॉलेजमध्ये दुसरा तास संपवून ती जिना उतरत असताना. ‘रेमंड काल घरी आला होता. आईशी बोलला. आईने त्याला जेवायला घातलं. आज सकाळी टोपल्या उतरवायला मी गेले होते.’

त्यात ज्ञानदासाठी काही नव्हतं. ताई नव्हतं, मॅडमही नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं. मागून उतरणाऱ्या मुलामुलींना वाट द्यायला ती कठड्याला सरकून उभी राहिली. त्यांतली एक मुलगी थांबून म्हणाली, “मॅम, कालच्या प्रॅक्टिकलचं माझं रीडिंग सगळ्यांपेक्षा वेगळं येतंय. मी खोडून बाकीच्यांसारखं लिहू का?”

“नको,” ज्ञानदा म्हणाली. “नको खोडूस. वही घेऊन ये, आपण आधी बघू.”